‘एकूण किती होतील, डॉक्टर?’

हर्नियाच्या ऑपरेशनला किती खर्च येतो? मोतीबिंदूचे किती घेतात? गुडघ्याचा एमआरआय केवढ्याला होतो? ओपीडीत हे प्रश्न रोज कानावर येतात. विचारणाऱ्यांपैकी अनेकांना आमच्याकडे उपचार घ्यायचेच नसतात. खासगीत त्यांना एक आकडा सांगितलेला असतो, बहुधा चिठ्ठीच्या मागे पेनाने लिहिलेला. तो रास्त आहे की जास्त, एवढंच त्यांना कुणा तिसऱ्या डॉक्टरकडून ताडून घ्यायचं असतं. मी आकडा बघतो आणि उलट विचारतो, ‘यात काय काय धरलंय?’ बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘ते नाही विचारलं. पॅकेज आहे म्हणाले.’

अडचण नेमकी इथे आहे. आपण आकड्यांची तुलना करतो, पण त्या आकड्यांत काय मोडतं याची करत नाही. दोन दुकानांतल्या तांदळाचा भाव ताडताना किलोचा भाव किलोशीच ताडतो. ऑपरेशनच्या बाबतीत मात्र एकाचा किलो आणि दुसऱ्याचा पाव किलो समोरासमोर ठेवून ‘हे स्वस्त’ असं ठरवून मोकळे होतो. बिल हातात आल्यावर फरक कळतो, पण तेव्हा रुग्ण खाटेवर असतो आणि बोलायची सोय उरलेली नसते.

भांडुपसारख्या वस्तीत हा हिशेब जिव्हाळ्याचा आहे. कोकणनगर, टेंभीपाडा, सोनापूर, सर्वोदयनगर या भागांत राहणाऱ्या कित्येक कुटुंबांत ऑपरेशनचे पैसे भिशीतून, पतपेढीच्या कर्जातून, पीएफ काढून किंवा बांगड्या गहाण ठेवून उभे राहतात. देशाची स्थितीही फार वेगळी नाही. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१३-१४ साली देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी ६४.२ टक्के रक्कम लोकांच्या खिशातून जात होती. २०२१-२२ मध्ये हे प्रमाण ३९.४ टक्क्यांवर आलं. घट चांगली आहे. तरीही शंभरातले जवळजवळ चाळीस रुपये आजही रुग्ण किंवा त्याचे नातेवाईक काउंटरवर स्वतः मोजतात.

आधी पाहा : थांबता येईल का?

भाव विचारत फिरणं सगळ्या आजारांत शक्य नसतं आणि शहाणपणाचंही नसतं. छातीत दाबल्यासारखं दुखतंय, घाम फुटलाय, तोंड वाकडं झालंय, हात उचलत नाही, अपघात झालाय, हर्नियाची गाठ अचानक दगडासारखी कडक झाली, आत जात नाही आणि उलट्या सुरू झाल्या, अशा वेळी १०८ ला फोन करायचा आणि उपचाराची सोय असलेलं सर्वांत जवळचं रुग्णालय गाठायचं. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध देण्याची मुदत साधारण साडेचार तासांची असते. त्यातला अर्धा तास फोनवर दर विचारण्यात घालवणं परवडत नाही. तातडीच्या रुग्णाचा जीव वाचवण्याचे प्रयत्न करणं हे सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केलं आहे.

मात्र मोतीबिंदू, साधा हर्निया, मूळव्याध, पित्ताशयातले खडे, गर्भाशयातल्या गाठी, गुडघ्याचा सांधा बदलणं, बहुतेक एमआरआय आणि सिटी स्कॅन, इतकंच काय तर बाळंतपणही, या सगळ्यांत काही दिवसांची, आठवड्यांची, कधी महिन्यांची सवड असते. ‘उद्याच ॲडमिट व्हा’ असं सांगितलं गेलं, तर ‘उद्याच का? आठवडाभर थांबलो तर काय बिघडेल?’ असं शांतपणे विचारावं. खरंच घाई असेल तर डॉक्टर कारण सांगतील, आणि ते कारण तुम्हाला समजेल असंच असेल. कारण न सांगता नुसतीच घाई केली जात असेल, तर दुसरं मत घ्यायला हवं.

मग विचारा : गरज आहे का?

दर विचारण्याआधीचा प्रश्न गरजेचा असतो. जे ऑपरेशन लागतच नव्हतं ते निम्म्या पैशांत झालं, तरी तो तोटाच.

दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले आणि रुग्णाला काहीच त्रास नाही, तर अशा पुष्कळ खड्यांना हात लावावा लागत नाही. गर्भाशयातल्या लहान गाठी पाळी गेल्यानंतर बहुधा आकसतात. पुरुषांमधला त्रास न देणारा जांघेतला हर्निया डॉक्टरांच्या नजरेखाली काही काळ तसाच ठेवता येतो. साठीनंतर दुखणाऱ्या गुडघ्याची झीज साध्या, उभ्याने काढलेल्या एक्स-रेत बऱ्याचदा पुरेशी दिसते. एमआरआयमुळे उपचार बदलतोच असं नाही. प्रत्येक रुग्णाचं गणित वेगळं असतं, म्हणून हे वाचून कुणी ऑपरेशन रद्द करू नये. पण ‘हे केलं नाही तर काय होईल?’ हा प्रश्न विचारल्याशिवाय तारीखही घेऊ नये.

हा प्रश्न न विचारल्याची किंमत महाराष्ट्राने पाहिली आहे. बीड जिल्ह्यात ऊसतोडणीला जाणाऱ्या महिलांमध्ये गर्भाशयाच्या पिशव्या काढण्याचं प्रमाण फार असल्याचं २०१९ साली उघड झालं. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२ हजार ३०९ महिलांपैकी १३ हजार ८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. त्यांतल्या अनेकींनी उचल घेऊन किंवा कर्ज काढून ऑपरेशनचे पैसे भरले होते. त्यांनी चार दवाखान्यांत दर विचारला असता तर हजार-दोन हजार वाचले असते. ‘पिशवी काढायलाच हवी का?’ याचं प्रामाणिक उत्तर मिळालं असतं, तर त्यांतल्या कितीतरी जणींचं ऑपरेशनच टळलं असतं.

एकाच नावाची चार ऑपरेशनं

आता मोतीबिंदूचं उदाहरण घेऊ, कारण दरातला फरक इथे सर्वांत ठळक दिसतो. खासगी रुग्णालयांच्या दरांविषयीची एक याचिका २०२४ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयासमोर आली. एका डोळ्याच्या मोतीबिंदूला सरकारी व्यवस्थेत सुमारे १० हजार रुपये, तर खासगीत ३० हजारांपासून १ लाख ४० हजारांपर्यंत खर्च येतो, असं तिच्यात म्हटलं होतं. न्यायालयाने दरनिश्चितीबद्दल केंद्र सरकारला खडे बोल सुनावले.

हा फरक येतो कुठून? पहिली गोष्ट पद्धत. लहान छेद घेऊन हाताने मोतीबिंदू काढता येतो, किंवा ध्वनिलहरींनी तो विरघळवून आणखी बारीक छेदातून काढता येतो. त्यालाच आपण ‘फेको’ म्हणतो. दुसरी गोष्ट लेन्स. भारतात बनलेली साधी लेन्स, घडी होणारी लेन्स, परदेशी कंपनीची लेन्स, तिरका नंबर घालवणारी टोरिक, दूरचं आणि जवळचं दोन्ही दाखवणारी मल्टिफोकल, अशा पायऱ्या चढत जातात आणि आकडाही चढतो. काही जण ‘लेसरने’ असा पर्यायही देतात. यांतली प्रत्येक गोष्ट कुणाला तरी उपयोगी पडते. पण रुग्णाला त्या ‘चांगली, त्याहून चांगली, सर्वांत चांगली’ अशा क्रमाने सांगितल्या जातात, आणि आईच्या डोळ्यासाठी ‘नुसती चांगली’ निवडणं मुलाला जड जातं.

वस्तुस्थिती अशी की, मोतीबिंदू असलेल्या बहुतेक ज्येष्ठांना साध्या, एकाच अंतराच्या लेन्सने दूरचं उत्तम दिसतं आणि वाचायला चष्मा लागतो. महाग लेन्सने मुख्यतः तो चष्मा सुटतो. ज्यांना रात्री गाडी चालवायची आहे किंवा ज्यांच्या पडद्याला मधुमेहाने इजा झाली आहे, त्यांना मल्टिफोकल मानवेलच असं नाही. पद्धतीबाबतही तसंच. नेपाळचे नेत्रतज्ज्ञ डॉ. सँडुक रुइट आणि सहकाऱ्यांनी २००७ साली दोन्ही पद्धतींची तुलना प्रसिद्ध केली. सहा महिन्यांनंतर दोन्ही गटांची दृष्टी उत्तम होती. हाताने करायची पद्धत कमी वेळात आणि कमी खर्चात झाली. मदुराईत १९९२ पासून देशी लेन्स मोठ्या प्रमाणावर बनू लागल्या, तेव्हापासून स्वस्त लेन्स म्हणजे हलकी लेन्स हे समीकरणही मोडीत निघालं आहे.

म्हणजे ‘मोतीबिंदूचे किती?’ हा प्रश्न अपुरा आहे. ‘कोणती पद्धत, कोणत्या कंपनीची कोणती लेन्स, तिचा छापील दर किती आणि माझ्या डोळ्याला तीच का?’ असं विचारलं, तरच दोन दवाखान्यांची उत्तरं शेजारी ठेवता येतात.

‘पॅकेज’ उघडून पाहा

हर्नियाचा एक हिशेब मांडतो. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. कुठल्या रुग्णालयाचे नाहीत. पहिल्या ठिकाणी ‘पॅकेज ४५ हजार’ सांगितलं. दुसऱ्या ठिकाणी ‘सगळं धरून ६२ हजार’. साहजिकच पाय पहिल्याकडे वळतात. पण विचारल्यावर कळतं की पहिल्या पॅकेजमध्ये पोटात बसवायची जाळी नाही (९ हजार), भूलतज्ज्ञांची फी वेगळी (७ हजार), औषधं, हातमोजे, टाके घालायचा दोरा वेगळा (८ हजार) आणि ऑपरेशनआधीच्या तपासण्याही वेगळ्या (३ हजार). बेरीज ७२ हजार. स्वस्त वाटलेलं दहा हजारांनी महाग निघालं.

पॅकेजमधून बाहेर राहणाऱ्या गोष्टी सहसा ठरलेल्या असतात : शरीरात बसवायची वस्तू (लेन्स, जाळी, स्टेंट, सांधा), भूलतज्ज्ञ, सहायक डॉक्टर, औषधं आणि एकदा वापरून फेकायच्या वस्तू, तपासण्या, रक्त, बाहेरून बोलावलेल्या तज्ज्ञांची भेट, ठरल्यापेक्षा जास्त दिवस राहिल्यास त्याचा खर्च आणि घरी गेल्यानंतरच्या तपासण्या. यांतलं प्रत्येक कलम आत आहे की बाहेर, ते लिहून घ्यावं.

एक कलम मात्र सगळ्यांना वर ओढतं : खोली. अनेक रुग्णालयांत सर्जनची फी, भूलतज्ज्ञाची फी, ऑपरेशन थिएटरचं भाडं, काही ठिकाणी तपासण्यांचे दरसुद्धा खोलीच्या दर्जानुसार बदलतात. सर्जन तोच, टेबल तेच, टाके तेवढेच. पण रुग्ण जनरल वॉर्डऐवजी स्वतंत्र खोलीत असला की बिल वेगळं. खोलीचं भाडं दिवसाला ५ हजारांच्या वर गेलं, तर (आयसीयू वगळता) त्यावर जुलै २०२२ पासून ५ टक्के जीएसटीही लागतो. विमा असलेल्यांनाही याची झळ बसते. पॉलिसीत खोलीच्या भाड्याला मर्यादा असेल आणि तुम्ही वरची खोली घेतली, तर विमा कंपनी नुसता भाड्यातला फरक कापत नाही. बिलातल्या इतर कलमांचीही त्याच प्रमाणात कपात करू शकते. ‘विमा आहे ना’ म्हणून घेतलेली खोली अशी खिशातूनच भरावी लागते.

औषधांचंही थोडं समजून घ्यायला हवं. छापील किंमत, म्हणजे एमआरपी, ही कमाल मर्यादा असते, खरेदीची किंमत नसते. राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरणाने २०१८ साली दिल्ली परिसरातल्या चार खासगी रुग्णालयांची बिलं तपासली, तेव्हा काही वस्तूंवरचा नफा १,७३७ टक्क्यांपर्यंत गेल्याचं आढळलं. औषधं, साहित्य आणि तपासण्या मिळून बिलाचा सुमारे ४६ टक्के भाग होता. म्हणजे खोली आणि सर्जनच्या फीवर घासाघीस करणारा माणूस निम्म्या बिलाकडे पाहतच नसतो.

फरक नेहमी लबाडीचा नसतो

दर जास्त म्हणजे डॉक्टर लुबाडतोय, असं मानणं अन्यायाचं होईल. एलबीएस मार्गावर जागेचं भाडं वेगळं, गल्लीतलं वेगळं. एका ठिकाणी रात्री निवासी डॉक्टर असतो, दुसरीकडे फोन केल्यावर येतो. एका ठिकाणी आयसीयू आहे, दुसरीकडे रुग्ण बिघडला तर रुग्णवाहिकेतून हलवावा लागतो. प्रशिक्षित परिचारिका, निर्जंतुकीकरणाची यंत्रं, पूर्ण वेळ भूलतज्ज्ञ, या सगळ्याला पैसे पडतात. आमच्या भागातली दहा-पंधरा खाटांची अनेक नर्सिंग होम्स प्रामाणिक डॉक्टर कष्टाने चालवतात आणि मोठ्या रुग्णालयापेक्षा कितीतरी कमी दरात चांगलं काम करतात. म्हणून सर्वांत कमी आकडा आणि सर्वांत मोठा आकडा, दोन्हींबद्दल सारखंच कुतूहल असावं. ‘भूलतज्ज्ञ पूर्ण वेळ थिएटरमध्ये असतील ना? रात्री कोण असतं? काही बिघडलं तर कुठे हलवता?’ या तीन प्रश्नांची उत्तरं पाच हजारांच्या फरकापेक्षा मोलाची आहेत.

पण काही फरक निव्वळ ‘कट’चा असतो, हेही खरं. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांना २०१३ साली एका तपासणी केंद्राकडून रुग्ण पाठवल्याबद्दल १,२०० रुपयांचा धनादेश आला. त्यांनी तो खिशात न घालता वैद्यक परिषदेकडे तक्रार केली. डॉ. अरुण गद्रे यांच्या ‘कैफियत : प्रामाणिक डॉक्टरांची’ या पुस्तकात डॉक्टरांनीच या प्रथेबद्दल मोकळेपणाने सांगितलं आहे. रुग्ण पाठवल्याबद्दल पैसे घेणं-देणं भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत स्पष्टपणे निषिद्ध आहे. म्हणून ‘एमआरआय अमुक ठिकाणीच करा’ असा आग्रह झाला, तर ‘तिथलाच का?’ हे विचारण्यात उद्धटपणा काही नाही. कधी उत्तर खरोखर वैद्यकीय असतं : तिथलं यंत्र किंवा तिथले रेडिओलॉजिस्ट चांगले. तसं असेल तर जरूर जावं.

कायदा तुमच्या बाजूला आहे

मराठी घरांत डॉक्टरला पैशांचं विचारणं अजूनही ओशाळवाणं वाटतं. ‘जीवापुढे पैसा काय’ असं म्हणून मोठी माणसं विषय बंद करतात. विचारलं तर डॉक्टर नाराज होतील आणि नीट बघणार नाहीत, अशीही भीती असते. वस्तुतः दर सांगणं हे डॉक्टरचं काम आहे. त्याच २००२ च्या आचारसंहितेनुसार डॉक्टरने आपली फी दवाखान्यात फलकावर लावायची असते, आणि ती उपचार सुरू होण्यापूर्वी सांगायची असते, ऑपरेशन चालू असताना किंवा झाल्यावर नव्हे. कागदपत्रं मागितली तर ती ७२ तासांत द्यायची, हेही त्यात आहे.

महाराष्ट्राने जानेवारी २०२१ मध्ये शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत सुधारणा केली. त्यानुसार प्रत्येक खासगी रुग्णालयाने आणि नर्सिंग होमने रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायचं आहे. खाटेचं भाडं, डॉक्टरांची भेट, भूल, ऑपरेशन थिएटर, शुश्रूषा, ऑक्सिजन अशा पंधरा बाबींचे दर त्यात हवेत. मूळ कायदा १९४९ चा आहे आणि मुंबईत त्याची अंमलबजावणी महापालिकेकडे आहे. दरपत्रक लावलेलं नसेल तर भांडुपकरांनी ‘एस’ विभाग कार्यालयातल्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करावी. पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच ठरवलं आहे. त्यामुळे १९१५ या ग्राहक हेल्पलाइनचा मार्गही खुला आहे.

हे नियम दर ठरवून देत नाहीत, फक्त ते दाखवायला लावतात, ही त्यांची मर्यादा. सरकारने मनावर घेतलं तर दर ठरवताही येतात. फेब्रुवारी २०१७ मध्ये औषधी लेपाच्या स्टेंटची कमाल किंमत २९ हजार ६०० रुपये ठरली. त्याआधी तिची सरासरी छापील किंमत १ लाख २१ हजारांच्या घरात होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या सांध्यावर मर्यादा आली आणि नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची सरासरी १ लाख ५८ हजारांची छापील किंमत ५४ हजार ७२० वर आली. करोनाकाळात, मे २०२० मध्ये, राज्याने खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांचे दर बांधले : साध्या विलगीकरणाला दिवसाला ४ हजार, आयसीयूला साडेसात हजार, व्हेंटिलेटरसह ९ हजार. पण स्टेंट किंवा सांध्यावरची मर्यादा त्या वस्तूपुरतीच असते. थिएटर, खोली, फी, साहित्य ही बाकीची कलमं मोकळीच राहतात. म्हणून एका ओळीकडे पाहून निश्चिंत होऊ नये. खालची बेरीज बघावी.

नुसत्या फलकांनीही सगळं सुटत नाही. अमेरिकेत १ जानेवारी २०२१ पासून रुग्णालयांना आपले दर जाहीर करणं आणि ३०० नियोजित सेवांचे दर सामान्य माणसाला कळतील असे मांडणं सक्तीचं झालं. दर बाहेर आले, पण अवाढव्य याद्यांमधून आपल्या कामाचा आकडा शोधणं तिथल्या शिकल्या-सवरलेल्यांनाही जड गेलं. केनेथ ॲरो या अर्थतज्ज्ञाने १९६३ सालीच सांगितलं होतं की, आरोग्याचा बाजार इतर बाजारांसारखा चालत नाही, कारण विकणाऱ्याला जे माहीत असतं ते घेणाऱ्याला माहीत नसतं. ही दरी रुग्णाने एकट्याने भरून काढावी अशी अपेक्षा रास्त नाही. पण प्रश्न विचारून ती थोडी कमी करता येते.

पैसे भरायचेच आहेत का?

खासगीतले तीन दर ताडण्याआधी चौथा रकाना ‘मोफत किंवा नाममात्र’ असा आखावा. तो बरेच जण आखतच नाहीत.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना १ जुलै २०२४ पासून पांढरी शिधापत्रिका असलेल्यांसह राज्यातल्या सर्व कुटुंबांसाठी लागू झाली. वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंतचे, यादीतले उपचार संलग्न रुग्णालयांत विनाशुल्क होतात. काही ऑपरेशनं योजनेत फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत. आपलं ऑपरेशन यादीत आहे का आणि कुठे होईल, हे १५५३८८ या क्रमांकावर किंवा संलग्न रुग्णालयातल्या ‘आरोग्यमित्रा’कडे विचारता येतं. विचारायचं ते दाखल होण्यापूर्वी; डिपॉझिट भरून झाल्यावर धावपळ वाढते.

दुसरी सोय धर्मादाय रुग्णालयांची. सार्वजनिक न्यासाचं मोठं रुग्णालय असेल, तर मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशानुसार त्यातल्या १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. चकचकीत इमारत आणि पंचतारांकित लॉबी असलेली कित्येक रुग्णालयं कागदोपत्री धर्मादायच असतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी १ लाख ८० हजार आणि दुर्बलांसाठी ३ लाख ६० हजार आहे. शिधापत्रिका आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घेऊन तिथल्या वैद्यकीय समाजसेवा विभागात जावं.

तिसरी सोय महापालिकेची. भांडुपहून धीम्या लोकलने मुलुंड दोन स्टेशनं आणि घाटकोपर तीन. मुलुंडचं एम. टी. अगरवाल, घाटकोपरचं राजावाडी, विक्रोळीचं महात्मा फुले रुग्णालय आणि पुढे शीव, केईएम, नायर. इथे पैसे कमी लागतात, पण वेळ लागतो, हे मी सरकारी रुग्णालयात नोकरी करत असूनही झाकणार नाही. रांग आहे, तारीख लांबची मिळते, फेऱ्या पडतात. रोजंदारीवर जाणाऱ्याच्या चार फेऱ्या म्हणजे चार दिवसांची मजुरी. हा खर्चही त्या रकान्यात लिहावा. तरीही मोतीबिंदू, हर्निया, पित्ताशय यांसारख्या ऑपरेशनांत ही बेरीज बहुधा खासगीपेक्षा बरीच खाली राहते. खासगीत ऑपरेशन करायचं ठरलं, तरी आधीच्या नेहमीच्या रक्त-लघवीच्या चाचण्या ‘आपला दवाखाना’त मोफत करून घेता येतील का, आणि नंतरची जेनेरिक औषधं जनऔषधी केंद्रातून घेतलेली चालतील का, हे डॉक्टरांना विचारून पाहावं.

एक पान, चार रकाने

आता काम सोपं करू. वहीचं एक पान घ्या. वर ऑपरेशनचं नेमकं नाव डॉक्टरांकडून लिहून घ्या : दुर्बिणीतून की उघडं, एका बाजूचं की दोन्ही, जाळी किंवा लेन्स कोणती. खाली डावीकडे कलमं लिहा : खोलीचा प्रकार आणि दिवस, सर्जन, सहायक, भूलतज्ज्ञ, थिएटर, बसवायची वस्तू, औषधं आणि साहित्य, तपासण्या, जादा दिवसाचा दर, घरी गेल्यावरच्या भेटी, कर. शेजारी तीन खासगी ठिकाणांचे रकाने आणि चौथा मोफत किंवा नाममात्र सोयीचा. प्रत्येक ठिकाणी एकाच प्रकारच्या खोलीचा दर विचारा, नाहीतर तुलना बिघडते. आकडा रुग्णालयाच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह मागा. कुणी ‘लिहून देत नाही’ म्हणालं, तर रकान्यात तेच लिहा.

शेवटी आणखी दोन ओळी असू द्या. पहिली, ‘बिल अंदाजापेक्षा वाढणार असेल तर आधी कुणाला आणि कधी सांगाल?’ ऑपरेशनमध्ये अनपेक्षित गोष्टी घडतात आणि तेव्हा खर्च वाढणं समजण्यासारखं असतं. पण ते नातेवाइकांना त्याच दिवशी कळलं पाहिजे, डिस्चार्जच्या दिवशी नव्हे. दुसरी, ‘दर महिन्याला अशी किती ऑपरेशनं करता?’ हे विचारायला थोडं धैर्य लागतं. नियमित करणारा सर्जन या प्रश्नाने रागावत नाही.

केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठीच्या सीजीएचएस योजनेचे दरही सार्वजनिक आहेत आणि मुंबईचे दर त्यात मिळतात. खासगी रुग्णालयाने तेच दर घ्यावेत असं बंधन नाही, पण सांगितलेला आकडा त्याच्या दीडपट आहे की पाचपट, हे ताडायला ती यादी उपयोगी पडते. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला हे काम द्यावं. अर्ध्या तासात होतं.

हे पान भरायला दोन-तीन दिवस लागतील, आणि नियोजित ऑपरेशनात तेवढे दिवस हातात असतात. ते भरून तुमच्या फॅमिली डॉक्टरसमोर किंवा आमच्यासारख्यांच्या ओपीडीत ठेवा. नुसता आकडा दाखवलात तर आम्हालाही सांगता येत नाही की तो रास्त आहे का. रकाने भरलेले असले की सांगता येतं.